बकेट सीट रोजच्या वापराला चालते का? – वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की रेसिंगची बकेट सीट (उंच कडांची, अंगाला दोन्ही बाजूंनी घट्ट धरणारी) ट्रॅकवर छान, पण रोज ऑफिसला नेली की तिची खरी परीक्षा सुरू होते. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बऱ्याच पत्रांतल्या शंका सारख्याच आहेत, म्हणून त्यांतली काही निवडली आहेत. मी रेसच्या आणि रस्त्यावरच्या गाड्यांत सीट बसवते, डॉक्टर नाही. ज्यांना मणक्याचं जुनं दुखणं आहे त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं, मग माझं ऐकावं.

ताई, माझ्याकडे दोन दारांची स्पोर्ट्स कार आहे. रोज जाऊन-येऊन दीड-दोन तास गाडीत जातात, अधूनमधून ट्रॅक डे असतो. ड्रायव्हरच्या बाजूला फिक्स्ड-बॅक बकेट सीट टाकायचा विचार आहे. मित्र म्हणतात, कंबरेची वाट लागेल. खरंच लागते का?
– ट्रॅकवेडा

लागू शकते, पण मित्र सांगतात त्या कारणाने नाही. सीट कडक म्हणून कंबर दुखते अशी सगळ्यांची समजूत असते. अतिमऊ सीटमध्ये कुल्ले खाली रुततात, कंबरेचा बाक नाहीसा होऊन पाठ पोक काढल्यासारखी गोल होते, आणि तासाभराने उतरताना माणूस गुडघ्यावर हात ठेवून उठतो. मापात बसलेल्या कडक शेलमधून (बकेट सीटचा एकसंध सांगाडा) उतरणारे लोक मी पाहते, ते ताठ उठतात.

खरी गोम ही की साध्या सीटमध्ये आपण नकळत सारखे हलत असतो. सिग्नलला जरा सरकतो, लांबच्या रस्त्यावर पाठ एक घर मागे टाकतो. फिक्स्ड शेलमध्ये ही सोय नाही. पाठ आणि बैठक एकाच तुकड्यात ओतलेली असते, बसण्याची पद्धत एकच. ती तुमच्या अंगाला जमली तर दोन तास काहीच वाटत नाही. नाही जमली तर वीस मिनिटांत कळतं, आणि मग रोज कळत राहतं.

म्हणून सगळ्यात आधी माप. शेल जोड्यासारखा असतो, नंबर चुकला की कितीही भारी कंपनीचा घ्या, चावतोच. कुल्ल्यांची रुंदी उभं राहून मोजू नका, बसल्यावर अंग पसरतं. कडक स्टुलावर बसा, दोन्ही बाजूंना एकेक फळी कुल्ल्याला टेकवून उभी धरा आणि दोन फळ्यांमधलं अंतर कुणाला तरी मोजायला सांगा. कॅटलॉगमध्ये शेलच्या बाहेरच्या रुंदीचा आकडा ठळक असतो. तुम्हाला हवी असते आतली रुंदी, तीही अगदी खाली, जिथे कुल्ले टेकतात तिथली आणि पॅडसकट. तुमच्या मापापेक्षा ती बोटभर जास्त असू द्या. ट्रॅकसाठी घट्ट घेतात ते ठीक, तिथे पंधरा-वीस मिनिटांनी माणूस उतरतो.

घट्ट शेलचा त्रास कंबरेत नव्हे, मांडीत सुरू होतो. मांडीच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर वाटते, मुंग्या येतात, कधी चटके बसल्यासारखं होतं. तिथून एक नस जाते, कंबरेच्या हाडापाशी किंवा खाली दाबली गेली की हे होतं. असं झालं तर 'सवय होईल' म्हणून रेटू नका. सवय होत नाही.

दुसरी गोष्ट कोन. इथे बहुतेक जण घाई करतात, कारण सीट आली की कधी एकदा बसवतो असं होतं. बाजूच्या ब्रॅकेटला पुढे-मागे भोकांच्या ओळी असतात, त्या याचसाठी. मी बोल्ट सैल ठेवून सीट गाडीत ठेवते आणि मालकाला रोजच्या कपड्यांत, रोजच्या बुटांत बसवते. मागच्या खिशातलं पाकीट आधी बाहेर. मग पुढची बाजू एक भोक वर घेते. कुल्ले मागे सरकून पाठीला टेकले की कंबरेमागे तळहात सरकवून बघते: हात सहज आरपार गेला तर आधार नाही, जातच नसेल तर पॅड जाड आहे. त्यानंतर क्लच पूर्ण दाबायला सांगते. पाय पूर्ण गेल्यावर मांडीची खालची बाजू सीटच्या पुढच्या काठाला टेकलेली असावी, पण त्या काठावर पाय उचलून धरावा लागू नये. लागत असेल तर पुढची बाजू फार वर गेली आहे. रहदारीत रोज शेकडो वेळा क्लच दाबताना तो काठ मांडीत रुततो. शेवटी खांदे पाठीला टेकवून मनगट स्टिअरिंगच्या वरच्या काठावर ठेवून बघायचं. मनगट पोचलं पाहिजे, खांदा सुटता कामा नये. आणि छाती ते स्टिअरिंगचा मध्य हे अंतर किमान 25 सेंटीमीटर, कारण तिथे एअरबॅग आहे.

हे सगळं झाल्यावर बोल्ट आवळायच्या आधी त्याला तसंच अर्धा-पाऊण तास बसवून ठेवते. लोक कंटाळतात, मोबाइल काढतात. काढू दे. कुठे टोचतंय हे तेव्हाच कळतं.

आता कडकपणाबद्दल, कारण तो अगदीच खोटा मुद्दा नाही. बसलेल्या माणसाचं धड वर-खाली होणाऱ्या कंपनांना सगळ्यात जास्त प्रतिसाद साधारण 4 ते 8 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 4 ते 8 हिसक्यांच्या, पट्ट्यात देतं. अंगाला बसणारी कंपनं मोजण्याचं आयएसओ 2631 हे मानकसुद्धा याच पट्ट्याला जास्त वजन देतं. कंपनीच्या सीटमधला जाड फोम आणि खालच्या स्प्रिंगा त्याहून वेगवान बारीक थरथर बऱ्यापैकी गिळतात. शेलवर दोन-तीन सेंटीमीटरचं पॅड असतं आणि खाली थेट लोखंडी ब्रॅकेट. त्यात स्पोर्ट्स कारचे सस्पेन्शन कडक, टायरची बाजू बुटकी. रस्ता गुळगुळीत असेल तर काही फरक पडत नाही. तुमच्या रोजच्या वाटेवर खड्डे, सांधे आणि गतिरोधक असतील तर मात्र पहिल्या आठवड्यातच उत्साह ओसरतो.

तर, रोज दोन तास आणि कधीतरी ट्रॅक, अशा माणसाला मी फिक्स्ड शेल सुचवत नाही. पाठ मागे-पुढे होणारी स्पोर्ट बकेट घ्या. खांद्याला आणि मांडीला कडा तशाच उंच, वळणावर आधार पुरेपूर, वर रिक्लायनर. गाड्या बनवणाऱ्यांनाही हे माहीत आहे. पोर्शे 911 जीटी3 घेताना कार्बन बकेटही मागता येते आणि अनेक बाजूंनी हलणारी स्पोर्ट सीटही. बीएमडब्ल्यूने एम3-एम4साठी जी कार्बन बकेट काढली तिला विजेवर चालणारी समायोजनं ठेवली. मात्र दोन मांड्यांच्या मधे कार्बनचा उंचवटा आहे, तो उतरता-चढताना आधी आठवतो आणि मग लागतो. आणि वजन वाचतं म्हणून कुणी फिक्स्ड शेल गळ्यात मारत असेल तर हिशेब करा. मोटर आणि हीटर असलेली मूळ सीट 20-25 किलोच्या पुढे, फायबरचा शेल ब्रॅकेट-रेलसकट 12-14 किलो. वाचले दहा-बारा किलो. रोजच्या ऑफिसच्या वाटेवर ते तुम्हाला जाणवणार नाहीत.

बकेट सीट बसवल्यापासून डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटलेला आहे. मेकॅनिक म्हणतो, एक रेझिस्टर टाकला की विझेल. टाकू का?
– दिव्याखाली अंधार

सही मस्त केलीत, आणि प्रश्नाचं उत्तरही तिच्यातच आहे.

तुमच्या मूळ सीटच्या पाठीत, दाराकडच्या बाजूला, साइड एअरबॅग होती. सीट काढली, बॅग गेली. गाडीचा एअरबॅग कंट्रोलर चावी फिरवली की त्या सर्किटचा रोध मोजतो. तार तुटकी दिसली की दिवा लावतो. रेझिस्टर, म्हणजे तेवढाच रोध दाखवणारा छोटा भाग, टाकला की कंट्रोलरला वाटतं बॅग जागेवर आहे. बॅग अर्थातच नसते. बाजूने कुणी धडकलं तर छाती आणि दार यांच्यामध्ये जे फुगायला हवं होतं ते फुगणार नाही.

पण दिवा तसाच ठेवणं हाही शहाणपणा नाही. एकतर बऱ्याच गाड्यांत दिवा पेटलेला असताना कंट्रोलर काही भाग किंवा सगळी यंत्रणाच बंद ठेवू शकतो, म्हणजे साइड बॅगपायी पुढचीही गेली. दुसरं, उद्या खरोखर दुसरा बिघाड झाला तर कळणार कसं? दिवा आधीच पेटलेला.

आणि सीटखाली फक्त साइड एअरबॅगची तार नसते. बेल्टचं बकल बहुतेक गाड्यांत सीटच्या रेलला असतं, त्यात बेल्ट लावला की नाही हे सांगणारा स्विच असतो, आणि काही गाड्यांत धडकेच्या क्षणी बेल्ट खेचून घेणारा प्रीटेन्शनरही. ड्रायव्हरच्या रेलवर सीट किती पुढे आहे हे सांगणारा सेन्सर असू शकतो. पुढची बॅग किती जोराने फुगवायची हे ठरवताना तो वापरला जातो. शेजारच्या सीटमध्ये माणूस बसलाय की नाही हे ओळखणारी गादी असते. रेझिस्टर यांतल्या एकाचीही जागा घेत नाही. म्हणून सीट निवडतानाच बघा की बकल, त्याचा स्विच आणि रेलवरचे सेन्सर मूळ जागी, मूळ कोनात नव्या ब्रॅकेटवर बसतात का. काही रिक्लायनिंग स्पोर्ट सीट साइड एअरबॅगसकट मिळतात, पण ती त्याच गाडीसाठी मान्य असायला हवी. जवळपासची बॅग आणून जोडण्याचा उद्योग करू नका.

काम करताना एक पथ्य: बॅटरीची तार काढून काही मिनिटं थांबा, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलं असेल तितका वेळ. कंट्रोलरमध्ये वीज साठवून ठेवलेली असते. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरना मल्टीमीटर लावून 'बघतो जरा' असं कुणी म्हणालं तर त्याला थांबवा. मल्टीमीटरच्या बारीकशा करंटनेही बॅग फुटू शकते, आणि बॅग फुटते तेव्हा तिच्यासमोर तोच वाकलेला असतो.

सगळं समजून-उमजून साइड बॅगशिवायच राहायचं ठरवलंत तर ते कागदावर आणा. विम्याच्या कंपनीला कळवा, आणि गाडी विकताना पुढच्याला स्पष्ट सांगा. न पेटणारा दिवा बघून तो बिचारा बॅग आहे असंच धरून चालेल.

बकेट सीटला भोकं आहेतच, तर त्यातून चार पट्ट्यांचा हार्नेस लावून रोज वापरला तर तीन-बिंदू बेल्टपेक्षा सुरक्षित नाही का?
– पट्टीचा चालक

नाही. हे उत्तर एवढं छोटं ठेवलं तर तुम्ही पुन्हा पत्र लिहाल, म्हणून कारणं देते.

हार्नेस धड सीटला ताठ बांधून टाकतो. रेसच्या गाडीत ते ठीक, कारण वर पोलादी पिंजरा असतो, गाडी उलटली तरी छत खाली येत नाही. तुमच्या गाडीत पिंजरा नाही. छत दबलं तर गाडीतल्या नेहमीच्या तीन-बिंदू बेल्टमध्ये धड एका बाजूला झुकू शकतं; हार्नेसमध्ये ते सरळ उभं राहतं आणि छत डोक्यावर येतं. पिंजरा टाकला तरी प्रश्न सुटत नाही, कारण मग हेल्मेटशिवाय डोक्याजवळ लोखंडी नळी आली. रस्त्यावर तुम्ही हेल्मेट घालून बसत नाही.

चार पट्ट्यांत आणखी एक दोष आहे. धडकेत खांद्याच्या पट्ट्या पुढे ओढल्या जातात आणि बकलला वर खेचतात. कमरेची पट्टी कंबरेच्या हाडावरून सरकून पोटावर येते, माणूस खालून घसरतो. हे टाळायला पायांमधून जाणारी पट्टी लागते, म्हणून रेसमध्ये पाच-सहा पट्ट्या वापरतात. शिवाय खांदे गच्च बांधलेले असताना डोकं मात्र मोकळं झोकलं जातं. मानेचं रक्षण करणारं हान्स उपकरण फॉर्म्युला वनमध्ये 2003 पासून सक्तीचं केलं ते याच धोक्यामुळे. आणि चौकात पुढे वाकून डावी-उजवी बघता येत नाही, ते वेगळंच.

तीन-बिंदू बेल्ट व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांनी काढला, 1959 मध्ये तो गाड्यांत आला. साध्या दिसणाऱ्या या पट्टीची खुबी ती कुठे टेकते यात आहे: एक पट्टी कंबरेच्या हाडावर, दुसरी छाती आणि खांद्याच्या हाडावर. बकेट सीटमध्ये नेमकं हेच बिघडतं. शेलच्या कडा उंच असतात. कमरेची पट्टी त्या कडांवरून गेली तर ती हाडाला टेकतच नाही, अंगापासून दोन-चार बोटं वर तरंगते. बेल्ट लावून आरशात बघा, किंवा पट्टीखाली बोटं घालून बघा. बाजूला हार्नेससाठी खाच असेल आणि मूळ बकल तिथपर्यंत नीट पोचत असेल तर पट्टी त्यातून न्या. पोचत नसेल तर तो शेल तुमच्या गाडीचा नाही. खांद्याची पट्टी मात्र शेलच्या वरच्या भोकातून कधीच ओवू नका. ती भोकं हार्नेसची आहेत. तिथून ओवलेली पट्टी बाजूच्या खांबाकडे तिरकी ओढली जाते, अडकते, आणि रीळाकडे मोकळी परत जात नाही.

आमची गाडी एक आणि चालवणारे दोघे. हे चांगले उंच, मी त्यांच्या खांद्यालाही लागत नाही. ह्यांना बकेट सीट हवी आहे. त्यांच्या मापाने बसवली तर मला समोरचं बॉनेटसुद्धा दिसत नाही. ह्यांचं म्हणणं, उशी ठेव. काय करू?
– उशीवाली

उशी ठेवू नका, ताई. तुमच्या यजमानांना सांगा की हे मीच लिहिलंय.

उशी दबते आणि सरकते. धडकेत ती दाबली गेली की तुमच्या कमरेचा बेल्ट तेवढा सैल झाला. ठासून ठेवायची असेल तर सीट बनवणाऱ्याचंच त्या शेलसाठीचं पॅड घ्या, तेही खाली पकडून बसणारं. पण तुमच्या बाबतीत तेही पुरणार नाही. फिक्स्ड शेल रेलवर फक्त पुढे-मागे होतो. बोल्ट न काढता उंची आणि कोन बदलत नाही. उंच माणसासाठी तो मुद्दाम खाली बसवतात, मूळ सीटपेक्षा दोन ते पाच सेंटीमीटर. तुम्हाला वर यायचं आहे, पुढे यायचं आहे आणि पाठ जरा सरळ हवी आहे. तीन गोष्टी, आणि सीटकडे एकच.

त्याशिवाय बैठकीची लांबी आहे. उंच माणसाची मांडी लांब, त्याच्या मापाच्या बैठकीचा पुढचा काठ तुमच्या पोटरीला लागणार. मग तुम्ही नकळत पुढे सरकून बसता, पाठ सुटते, आणि छाती स्टिअरिंगजवळ जाते. ते 25 सेंटीमीटरचं अंतर उंचीने लहान ड्रायव्हरच्या बाबतीतच सगळ्यात आधी मोडतं.

दोघांत एक गाडी असेल तर उंची कमी-जास्त होणारी, रिक्लायनर असलेली आणि शक्य तर मांडीखालचा भाग पुढे ओढता येणारी स्पोर्ट सीट घ्या. ती मिळत नसेल तर मूळ सीट ठेवा. जो रोज जास्त चालवतो त्याचं मत जास्त धरावं, उंची कुणाचीही असो. तुमच्या पत्रावरून वाटतं, तो माणूस तुम्हीच आहात.

शेजारच्या बकेट सीटवर चार वर्षांच्या मुलीची चाइल्ड सीट बसेल का?
– दोन-सीटरवाला बाप

नाही बसत. शेलच्या कडांमुळे चाइल्ड सीटचा तळ पूर्ण टेकत नाही, डुगडुगतो. चाइल्ड सीट अडकवायच्या आयसोफिक्सच्या कड्या असल्या तर त्या मूळ सीटच्या सांध्यात असतात आणि तिच्याबरोबरच जातात. आणि माणूस ओळखणारा सेन्सर गेलेला असेल तर पुढची एअरबॅग कधी चालू, कधी बंद, याचा भरवसा नाही. शेजारची मूळ सीट तशीच ठेवा, गाडीच्या पुस्तिकेत पुढच्या सीटवर चाइल्ड सीटबद्दल काय लिहिलंय ते वाचा. ड्रायव्हरच्या बाजूला काय घालायचं ते घाला.

एका रेसवाल्याकडून जुनी कार्बन सीट स्वस्तात मिळते आहे. मागे एफआयएचं लेबल आहे, पण मुदत संपलेली. रस्त्यावर वापरायची असल्याने मुदतीचा काय संबंध, असं तो म्हणतो.
– सेकंड हँड

अर्धं खरं आहे. एफआयए म्हणजे मोटर स्पर्धांची जागतिक संघटना. तिच्या 8855-1999 या मानकाच्या सीटची मुदत तयार झाल्यापासून 5 वर्षं असते, 8862-2009 या वरच्या मानकाची 10 वर्षं. ही मुदत स्पर्धेसाठी. रस्त्यावर कुणी ते लेबल मागत नाही. पण त्याच कारणाने ते लेबल म्हणजे रस्त्याची परवानगीही नव्हे, आणि हे विकणारे सांगत नाहीत. रस्त्यावरच्या सीटसाठी वेगळे नियम असतात. युनोच्या नियमावलीत सीट आणि तिच्या पकडीचा आर17, बेल्टचा आर16, बेल्टच्या अँकरचा आर14. तुमच्या देशात सीट बदलल्याची नोंद करावी लागते का, तपासणी लागते का, हे सीट घेण्याआधी विचारा.

मुदतीपेक्षा मला काळजी वाटते ती सीटने काय भोगलंय याची. लोखंड वाकतं तेव्हा दिसतं. कार्बन आणि फायबर आतून सुटतात आणि वरून चकचकीतच राहतात. गादी पूर्ण काढा. विकणारा काढू देत नसेल तर तिथूनच परत या. बाजूला जिथे बोल्ट बसतात त्या चार धातूच्या इन्सर्टभोवती टॉर्च तिरपा धरा. तिथून निघणाऱ्या बारीक चांदणीसारख्या भेगा किंवा पांढुरके डाग दिसले तर सीट सोडा. मग नाण्याने सगळीकडे हलकं ठोकत जा. टणटणीत आवाज मध्येच बद्द झाला तर तिथे थर सुटलेत. इन्सर्टमध्ये बोल्ट हाताने फिरवून बघा, सरळ आत गेला पाहिजे. खांद्याच्या भोकांच्या कडा हार्नेसने खाल्ल्यासारख्या दिसल्या तर सीट जोरात वापरली गेली आहे.

आणि लेबल चिकटवलेल्या नकली सीट बाजारात भरपूर आहेत. नुसत्या होलोग्रामवर जाऊ नका. लेबलवरचा नंबर बनवणाऱ्या कंपनीला कळवून विचारा.

ब्रॅकेटमध्ये काटकसर नको. एफआयएच्या नियमात आधाराची जाडी लोखंडात किमान 3 मिलिमीटर, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत किमान 5, आणि बोल्ट किमान 8 मिलिमीटर व्यासाचे. रस्त्याच्या गाडीलाही मी याखाली जात नाही. बोल्ट 8.8 ग्रेडचे, डोक्यावर आकडा कोरलेला असतो. रेल दोन्ही बाजूंनी लॉक होणारी हवी. एकाच बाजूने लॉक होणारी रेल ब्रेक मारताना तिरकी होते, सीट टकटक करते, आणि मालक महिनाभर तो आवाज सस्पेन्शनमध्ये शोधत बसतो. घरच्या घरी पट्ट्या वेल्ड करून केलेलं ब्रॅकेट मी बसवत नाही, कुणीही कितीही ओळखीचा असो.

आमच्या गाडीत कंपनीचीच स्पोर्ट बकेट आहे. दोन वर्षांत ड्रायव्हरच्या दाराकडची कड चिरडली, वरचं कापडही विरलं. चढ-उतार करताना काय काळजी घ्यावी?
– कडेलोट

सगळ्यांची तीच कड जाते. कारण आपण उतरताना आधी एक पाय बाहेर टाकतो, मग कुल्ला त्या कडेवरून घासत नेतो, आणि सगळा भार त्या दोन इंचांवर टाकून उभे राहतो.

उतरताना आधी सीट रेलवर मागे घ्या. स्टिअरिंग वर होत असेल तर वर करा. मग बसल्या जागी फिरून दोन्ही पाय एकदम बाहेर काढा, एक हात सीटच्या खांद्यावर आणि दुसरा दाराच्या चौकटीवर, आणि अंग उचलून कडेच्या वरून न्या. दार पूर्ण उघडायला जागा नसेल तर हे जमत नाही, म्हणून गाडी लावताना ड्रायव्हरच्या बाजूला जागा सोडा. चढताना उलट: आधी कुल्ले आत, खोल, मग पाय. घट्ट जीन्सच्या मागच्या खिशांचे धातूचे रिव्हेट कापडाला रोज किसतात, त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

कापडाबद्दल विचारलं नाहीत तरी सांगते. साबर दिसणारं कृत्रिम कापड पकडीला उत्तम, पण कडेवर त्याची लव आधी गुळगुळीत होते आणि मग गोळे धरते. चामडं टिकतं, पण त्यावर माणूस घसरतो आणि उन्हात पाठ भिजते, कारण शेलला मागून हवा नाही. मी मधल्या भागाला हवा खेळणारं विणीचं कापड आणि फक्त दाराकडच्या कडेला चामडं असं करून देते.

तुमची कड शिवून नुसतं कापड बदलू नका, आत फोम बसलाय. कव्हर उतरवून अंगठ्याने दाबून बघा. तो परत वर येत नसेल तर तेवढा तुकडा कापून नवा भरायचा असतो, पण त्या बाजूला एअरबॅग असेल तर हे काम एअरबॅगच्या सीटची शिवण जाणणाऱ्याकडेच द्या. बॅग जिथून फुटून बाहेर येते तिथली शिवण मुद्दाम कच्च्या दोऱ्याची असते आणि ती पक्क्या दोऱ्याने शिवली की बॅग बाहेर यायला अडते. नवा फोम मूळच्याच घनतेचा मागा. मऊ टाकला तर बसताना छान वाटतं, पण कड मांडीखाली दबते आणि काही दिवसांत आतली लोखंडी सळी हाडाला लागायला लागते.